अर्धी बादली

"अडतीस नळ," इंजिनिअरने नकाशावर पेन्सिल आपटली. "अडतीसही एकदम उघडले, तर एवढाच बॉयलर लागणार. गणित आहे ते."

"नळ आंघोळ करत नाहीत हो साहेब," मिस्त्री म्हणाला. "माणसं करतात."

मॅनेजरबाईंनी हसू दाबलं. वृद्धाश्रमाच्या या ऑफिसात तिघे बसले होते. जुना बॉयलर शेवटच्या घटका मोजत होता आणि थंडी सुरू व्हायच्या आत नवा बसवायचा होता. इंजिनिअर नव्या बॉयलरच्या कंपनीचा. मिस्त्री मात्र इथला. बावीस वर्षं या इमारतीचं गरम पाणी त्याच्या हाताखालून गेलं होतं, आणि गेली दोन वर्षं त्याची बायकोही इथेच अकरा नंबरच्या खोलीत होती. तिला विसरण्याचा आजार. घरी गॅस चालू ठेवून ती दोनदा बाहेर निघून गेली, तेव्हा त्याने मनावर दगड ठेवून तिला इथे आणलं. तो रोज सकाळी यायचा. कधी ती त्याला ओळखायची, बऱ्याचदा नाही.

"हे बघा," मिस्त्री समजावू लागला. समजावायला त्याला भारी आवडायचं. "गेल्या वर्षी मॅनेजरबाईंनी भिंतींना बाहेरून जाड अस्तर लावलं, खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या. आता खोल्या गरम ठेवायला बॉयलरला फारसं काही करावं लागत नाही. आंघोळी सकाळी दोन तास. त्या दोन तासांसाठी हा हत्ती आणायचा आणि उरलेले बावीस तास त्याने काय करायचं? दोन मिनिटं पेटायचं, पाणी तापलं की विझायचं, परत पेटायचं. दिवसातून शंभर वेळा. एका प्रसूतिगृहात असाच हत्ती बसवला होता. तिसऱ्या हिवाळ्यात त्याने अंग टाकलं."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"छोटे दोन बॉयलर आणि शेजारी मोठी टाकी. पहाटेपर्यंत टाकी भरून तापलेली. आंघोळीच्या वेळी दोन्ही बॉयलर फक्त टाकीसाठी राबतील, खोल्यांना तेवढे दोन तास सुट्टी. या भिंतींत तेवढ्यात कोणाला कळणारही नाही."

"टाकी केवढी?" इंजिनिअरने वहीवरून मान वर केली. माणूस गर्विष्ठ होता, पण ऐकणारा होता.

"ते मोजून सांगतो."

मोजायची मिस्त्रीची एक पद्धत होती. कागदावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तो न्हाणीघरांच्या बाहेर स्टूल टाकून बसायचा आणि बादल्या मोजायचा. हॉटेल असो, वसतिगृह असो, दवाखाना असो, कोणी हसलं तरी स्टूल काही हलायचं नाही. इथेही तो तीन सकाळी बसला. चौसष्ट माणसं. आंघोळ घालणाऱ्या मावशी आतून ओरडून सांगायच्या आणि तो लिहून घ्यायचा. कोणाची पाऊण बादली, कोणाची अर्धी, एका माजी पोस्टमास्तरांची चक्क भरून एक. रोजची बेरीज निघाली हजार लिटर. त्याने ऐटीत ऑफिसात आकडा दिला आणि इंजिनिअरने तो मुकाट्याने उतरवून घेतला. मिस्त्रीची छाती दोन बोटं फुगली.

तो निघाला तेव्हा मावशी ओले टॉवेल घेऊन समोरून येत होत्या. पदर खोचलेला, आवाज खणखणीत.

"झालं का मोजून?"

"झालं. हजारात भागतंय."

"भागतंय?" मावशी थांबल्या. "मिस्त्री, पाणी कोमट होतं म्हणून उठतात हो ती. धुऊन झालं म्हणून नाही. तुम्ही त्यांची आंघोळ कुठे मोजलीत? आपला जुना बॉयलर मोजलात."

मिस्त्रीने हातातल्या वहीकडे पाहिलं.

"आणि तुमच्या बाई तर पाणी गरम असलं तरी अर्ध्या बादलीत उठतात. मी म्हणते, घ्या की अजून. तर म्हणतात, मागे माणसं आहेत, त्यांना राहू दे."

तो तसाच जिन्यावर बसला. वही उघडली. अकरा नंबर: अर्धी, अर्धी, अर्धी. त्यानेच लिहिलेलं. लिहिताना मनात आलं होतं की हिला पहिल्यापासून पाणी कमीच लागतं.

कमी लागतं! घरात माणसं पाच. तो, त्याची आई, दोन मुलं आणि ती. लग्न झालं त्या वर्षी त्याने स्वतःच्या हाताने चाळीस लिटरचा गीझर बसवला होता, दोन माणसांच्या हिशेबाने. माणसं वाढली, गीझर तोच राहिला. सगळ्यांत आधी तो न्हायचा, कामाला जायचं म्हणून. मग मुलं शाळेची म्हणून, मग आई म्हातारी म्हणून. ती शेवटी. गावभर लोकांच्या गरम पाण्याची मापं काढत फिरणाऱ्या माणसाने पस्तीस वर्षं आपल्या न्हाणीघराबाहेर एकदाही स्टूल टाकलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की कान तापले.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "माझं माप चुकलंय."

इंजिनिअरचा चेहरा उजळला. "म्हणजे मोठा बॉयलर?"

"बॉयलर मी म्हटलं तेवढेच. टाकी चुकली. उद्या परत मोजतो. स्वयंपाकघराच्या चुली मला सकाळी द्या, आणि तुम्हीही या. बघाच."

इंजिनिअर आला. नुसता आला नाही, बाह्या सरसावून पातेली उचलू लागला. स्वयंपाकघरातून कढत पाणी न्हाणीघरांत जात राहिलं आणि मावशींना एकच सूचना होती, माणूस स्वतः 'पुरे' म्हणेपर्यंत घालायचं. पोस्टमास्तर तीन बादल्यांनंतरही पुरे म्हणेनात, त्यांना शेवटी बाहेर काढावं लागलं. वाऱ्यासारखी बातमी पसरली आणि आंघोळीला नाक मुरडणाऱ्या दोघी जणी टॉवेल घेऊन रांगेत आल्या. बेरीज दोन हजारांच्या वर गेली.

"दोन हजारांची टाकी," इंजिनिअर कपाळ पुसत म्हणाला. "बॉयलर छोटेच. बरोबर आहे तुमचं."

"मावशींचं," मिस्त्री म्हणाला.

फक्त अकरा नंबर त्या दिवशीही अर्ध्यावरच उठली. पातेली वाहणारी माणसं दिसत होती तिला. ती कशी घेईल?

थंडीच्या तोंडावर नवं सगळं बसलं. पहिल्या सकाळी मिस्त्रीने खाली जाऊन दोन्ही बॉयलर पाहिले. घाई नाही, धुसफूस नाही, एका लयीत चालले होते. टाकीच्या काट्यावर त्याने नजरही टाकली नाही, इतकी त्याची खात्री होती. मग वर येऊन तो न्हाणीघराबाहेर स्टुलावर बसला. वही आणली नव्हती.

आत बायको होती. पाण्याचा आवाज आला, थांबला.

"मागे कोणी आहे का?" तिचा आवाज.

"आहेत की," मावशी म्हणाल्या. "पण त्यांचं पाणी वेगळं ठेवलंय. हे सगळं तुमचं."

मिस्त्रीने स्टूल दाराजवळ सरकवलं. मग नळ पुन्हा सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. मध्येच ती कसलंसं गाणं गुणगुणू लागली. ती गाते हे त्याला माहीत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा गाल लाल झाले होते, केसांतून वाफ निघत होती. स्टुलावरच्या माणसाकडे तिने निरखून पाहिलं. ओळख पटली नाही.

"तुम्ही कधीचे थांबलायत का हो?" ती ओशाळून म्हणाली. "मला आज वेळच लागला."

"लागू दे," तो म्हणाला. "तुमच्या मागेच नंबर आहे माझा."

"मग जा ना. अजून गरम आहे."

मावशी तिचा हात धरून नेऊ लागल्या, पण ती हलेना. हा माणूस आत जातो की नाही ते तिला बघायचं होतं. मिस्त्रीने वाकून बूट काढले, मोजे काढले, बाह्या वर केल्या आणि आत जाऊन नळाखाली बादली लावली.