जमिनीपासून बोटभर वर

मित्रांनो, मी एक जुने गवत उलटायचे यंत्र आहे. कापलेले गवत शेतात पडलेले असते ना, ते ट्रॅक्टरमागून जाताना उडवायचे, मोकळे करायचे, म्हणजे ते उन्हावाऱ्याने वाळते. मला चार चक्रे आहेत आणि त्यांवर लोखंडी दाते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पिवळेधमक होते. माझे मालक, दादा, यांनी मला घरी आणले, तेव्हा गोठ्यातल्या अठराही गायी माना वळवून बघत राहिल्या. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मग दादांना घाई जडली. ट्रॅक्टर दामटायचा, माझ्याकडे बघायचेसुद्धा नाही. माझे दाते माती खरवडू लागले. गवताचे गोळे तसेच ओले राहू लागले. गेल्या वर्षी त्या गवताला बुरशी आली आणि ते खाऊन दोन गायी आजारी पडल्या. दादांनी खापर माझ्या माथी फोडले.

"हे धूड कामातून गेलंय. भंगारात घालतो."

मला फार लागले. पण बोलायला मला तोंड कुठे होते!

यंदा कापणी झाली आणि बातमी आली, तीन दिवस ऊन, मग पाऊस. गायींचे वर्षभराचे गवत शेतात पडलेले. दुसरे यंत्र कुठून आणणार? त्याच वेळी दादांची थोरली बहीण सुट्टीला आली होती. या ताईंनी वीस वर्षे सूतगिरणीत यंत्रे नीट जुळवून लावून दिली होती.

"याला कधी नीट बघितलंस, का नुसत्याच शिव्या देतोस?" त्यांनी विचारले.

"बघायचं काय त्यात? दाते आहेत, फिरतात."

"दात तुलाही आहेत, म्हणून दगड चावतोस का?"

ताईंनी मला गोठ्यासमोरच्या सपाट फरशीवर आणायला लावले आणि चक्क गुडघे टेकून बसल्या. माझ्या डाव्या चाकात हवा कमी होती, म्हणून मी एका अंगाला कलले होते. त्यांनी हवा भरली. वाकलेले दोन दाते बदलले. मग माझी उंची कमीजास्त करणारा दांडा फिरवत दात्याखाली बोट धरले.

"बोटभर वर. गवत उचलायचं, माती नाही. आज गवत जड आहे, दाते उभे ठेवू, म्हणजे उंच फेकतील. उद्या वाळत आलं की आडवे करू आणि चक्रं सावकाश फिरवू. नाहीतर पानं झडून नुसत्या काड्या उरतील. आणि ट्रॅक्टर हळू! तुझ्या मागे काही वाघ लागलेला नाही."

दव सुकल्यावर आम्ही निघालो. वीस पावलांवर ताईंनी थांबवले, मागे जाऊन गवत चाचपले आणि दांडा आणखी अर्धा फेरा फिरवला. आणि मग काय सांगू! गवत कारंज्यासारखे उडाले आणि अलगद पसरले. एक गोळा नाही, मातीचा कण नाही. कितीतरी वर्षांनी मी माझे काम करत होते!

तिसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी मूठभर गवत पिळले. ते कुरकुरले. आभाळ भरून येत होते. गवताची शेवटची गाडी छपराखाली शिरली आणि टपोरे थेंब पडू लागले. दादांनी गवताचा वास घेतला, माझ्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकलं माझं." ते ताईंना म्हणाले की मला, कोण जाणे. मी मात्र ते माझेच समजले.

शेजारी धावत आले. त्यांचे अर्धे गवत भिजले होते. "तुमचं वाळलं कसं? नवीन यंत्र घेतलंत?"

"यंत्र तेच हो," दादा छाती फुगवून म्हणाले, "आमच्या ताईनं ते लावून दिलं!"

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे यंत्र कुरकुरत असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा, त्याचे काय दुखते ते बघा. माझी आता रोज देखभाल होते आणि पुढच्या कापणीला शेजाऱ्यांचे गवतही मीच उलटणार आहे!