डाव्या पायाचं माप

"हे दारूगोळ्याचं कोठार होतं," हातातल्या कागदात बघत माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या आणि आम्ही वीस-पंचवीस जण माना वर करून ती पडकी भिंत आदराने पाहू लागलो.

"बटाट्यांचं," मागून बाबा म्हणाले.

"काय आजोबा?"

"बटाट्यांचं कोठार. दारूगोळा टेकडीमागे असायचा. इथे फुटले असतील तर फक्त मोड."

लोक हसले. मी बाबांचं कोपर दाबलं. छावणी बंद होऊन बावीस वर्षं झाली होती आणि पुढच्या आठवड्यात ती पाडणार होते, म्हणून ही शेवटची फेरी. बाबांनी इथे एकतीस वर्षं सैनिकांचे बूट शिवले. पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, ते इतिहास ऐकायला आले नव्हते. त्यांना दादाचं माप बघायचं होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी याच छावणीतून लढाईवर गेला, बाबांनीच शिवलेले बूट घालून. त्याच्या शेवटच्या पत्रात हवापाण्याच्या गप्पांखाली एक ओळ होती, 'बाबा, डावा बूट चावतो.' महिन्याभराने तार आली. तुकडी माघार घेत पळत असताना तो मागे पडला, असं त्याच्या मित्राने नंतर सांगितलं. बाबांनी ती दोन वाक्यं एकमेकांना शिवून टाकली, आणि बाबांनी घातलेली शिवण सहजासहजी उसवत नाही. आई समजावून थकली आणि एक दिवस गेली. मग मी समजावू लागले, तर माझीही डाळ शिजेना.

"ही बहुधा कोठडी असावी," शेवटच्या खोलीपाशी बाई म्हणाल्या. "शिस्त मोडणाऱ्यांसाठी."

"माझी खोली आहे ती," बाबा म्हणाले.

बाईंनी मुकाट्याने कागदावर काट मारली. स्वभावाने चांगल्या होत्या बिचाऱ्या.

आत अर्धं छप्पर खाली आलं होतं. खिडकीखाली माप घ्यायची फळी मात्र जागेवर होती. सैनिक हिच्यावर उभा राहायचा आणि बाबा पेन्सिलीने त्याच्या पावलाभोवती रेघ काढायचे. गुदगुल्या व्हायच्या. "बोटं आखडू नका," हे वाक्य बाबांनी इथे हजारो वेळा म्हटलं असेल. आकडे वहीत उतरवले की फळी पुसून पुढच्यासाठी तयार.

"उलटी कर," ते मला म्हणाले.

बाईंनी एक टोक धरलं, मी दुसरं. मी रुमालाने धूळ झटकली. खालच्या बाजूला पावलं होती, एकात एक बसलेली, टाचा एकाच रेघेला टेकलेल्या. सगळी डावी, कारण दादाचा डावा पाय किंचित मोठा होता. सर्वांत आतलं पाऊल पाच वर्षांच्या पोराचं. दर वर्षी एक. इतकी वर्षं एकाच घरात राहून मला याचा पत्ता नव्हता.

बाबा कसेबसे खाली बसले. खिशातून जुनी वही काढून त्यांनी सर्वांत बाहेरच्या पावलाला पट्टी लावली. मोजलं. पुन्हा मोजलं. मी खांद्यावरून वाकून वहीतल्या दादाच्या बुटाच्या मापाशी आकडे पडताळले.

"तंतोतंत आहे, बाबा!" मला खरंच हायसं वाटलं. "बघा, चूक नव्हतीच तुमची. उगाच जिवाला लावून घेतलंत इतकी वर्षं."

त्यांचं बोट शेवटच्या दोन रेघांमधल्या फटीवर होतं. मग ते त्याआधीच्या फटीवर गेलं आणि परत आलं.

"सैनिकाचा बूट नेमका शिवायचा असतो," ते म्हणाले. "पोराचा बोटभर सैल. पाय वाढतो म्हणून."

"दादा एकोणीस वर्षांचा होता, बाबा."

"ही फट बघ. शेवटच्या वर्षीसुद्धा तेवढीच आहे. वाढत होता गं अजून. मी त्याची वर्दी बघितली आणि नेमका शिवला."

मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. बाकीची मंडळी परेडच्या मैदानाकडे निघून गेली होती. बाई तेवढ्या कागदाची घडी करत दाराशी थांबल्या.

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली. टाचेपासून सुरुवात करून, शेवटच्या पावलाच्या बाहेरून, बोटभर जागा सोडून ते सावकाश एक रेघ ओढू लागले. अंगठ्यापाशी येऊन थांबले.

"बोटं आखडू नकोस," ते हळूच म्हणाले, आणि रेघ पुढे नेली.