कुठेच न चाललेली नाणी

“तुम्ही पप्पांचे कोण?” दार उघडणाऱ्या तरुणानं विचारलं.

दामू तामोरे चप्पल काढता काढता थांबला. “दुकानात यायचो,” तो म्हणाला. “घड्याळाच्या.”

“गिऱ्हाईक?”

“हा. तसंच.”

तो घड्याळाच्या दुकानाचे मालक मेहुल शहा यांचा मुलगा धर्मेश, हे दामूनं ओळखलं. त्याची बडोद्याची नोकरी, लांबलेलं लग्न, बायकोशी झालेली कुरबूर, सगळं दामूला माहीत होतं. धर्मेशला मात्र दामूचं नावही ठाऊक नव्हतं. मागच्या रविवारी पालघरला दुकानाचं शटर बंद दिसलं तेव्हा शहाशेठ गावाला गेले असतील, असं समजून दामू बोईसरला परतला होता. फोनही बंद लागत होता. आज शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं की शेठ झोपेतच गेले, आणि घराचा जिना दाखवला. इतक्या वर्षांत दामू तो जिना कधी चढला नव्हता.

दामू मूळचा समुद्रकाठच्या मुरब्याचा. बाप तांडेल होता. बापाची होडी थोरल्या भावाकडे गेली आणि दामू बोईसरच्या एका कारखान्यात टूलरूमला लागला. बाटल्यांची झाकणं जिच्यात ठोकली जातात ती डाय बनवण्यात त्याची नोकरी सरली. बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं. आता बोईसरजवळ सरावलीच्या एका खोलीत तो एकटाच राहायचा.

घड्याळाचा सेल बदलायला म्हणून तो पहिल्यांदा मेहुलच्या दुकानात गेला होता. काचेखाली एक नाणं होतं. छाप इतका स्वच्छ की दामूची नजर हलेना. ते ब्रिटनचं युरोचं नाणं होतं. मेहुलनं सांगितलं की ब्रिटननं युरो कधी घेतलाच नाही. पण घेतील अशी बोलणी चालली होती तेव्हा कुणीतरी आपल्या हौसेनं नमुन्याची नाणी पाडून ठेवली. सरकारनं मागितली नव्हती, की कुठल्या दुकानदारानं कधी घेतली नव्हती.

“मग बनवली कशाला?” दामूनं विचारलं होतं.

“तेच मी पण विचार करतो,” असं म्हणून मेहुलनं एक स्टूल पुढे सरकवलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी अर्धं शटर पाडून दोघं बसायचे. दामूलाही नाद लागला, परदेशातून टपालानं दोघांची नाणी यायची. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, स्वित्झर्लंड, सगळी अशीच, आपापल्या देशात कधी न चाललेली. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून एकेक बघायचं, धातूवरून वाद घालायचा, मग घरच्या गोष्टी. नाण्यांच्या प्रदर्शनांत व्यापारी हात झटकायचे. ही खेळण्यातली, म्हणायचे. त्यामुळे दाखवायला दामूला मेहुल होता आणि मेहुलला दामू. एवढं असून एकमेकांना ते शेवटपर्यंत ‘शहाशेठ’ आणि ‘तामोरे’ असंच म्हणत राहिले.

डेन्मार्कच्या एका नाण्यावर दामूचा फार जीव होता. त्यावर शिडाची होडी होती, वारा भरलेली. ते मेहुलच्या हाती आधी लागलं. दामूनं अदलाबदल सुचवून पाहिली, आडून आडून विचारून पाहिलं. मेहुल हसायचा आणि म्हणायचा, “मी गेल्यावर घ्या, तामोरे.”

आता मेहुलच्या पत्नी हेमालीबेन स्वतः पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. दुकानात येणारा माणूस म्हटल्यावर त्यांनी आतून नाण्यांचा पत्र्याचा डबा आणला. धर्मेशनं सांगितलं की तो हा डबा एका व्यापाऱ्याला दाखवून आला. सगळा खोटा माल आहे. उद्या भंगारवाला येणार होता, दुकानातल्या सामानाबरोबर हेही त्याला द्यायचं ठरलं होतं.

मी नेतो, एवढंच दामूनं म्हणायचं होतं. त्यांनी आनंदानं दिला असता. आणि मेहुलनंच तर तसं सांगून ठेवलं होतं. त्यानं डब्याकडे हात नेलाही.

“या खोट्या नाण्यांसाठी दर रविवारी दुकानात जाऊन बसायचे,” हेमालीबेन हळूच म्हणाल्या. “सुट्टीच्या दिवशी. मला वाटायचं, घरात मन रमत नाही त्यांचं. माझ्यात.”

दामूचा हात डब्यावरच राहिला.

“खोटी नाहीत, बेन,” तो म्हणाला.

मग त्यानं डबा उघडला. रुमाल पसरून नाणी एकेक करून मांडली आणि सांगायला सुरुवात केली. कुठल्या देशात लोकांनी मत देऊन युरोला नको म्हटलं, कुठे नुसती चर्चाच झाली. कुठलं नाणं टपालात भिजून आलं होतं, कुठल्यावरून मेहुल दिवसभर रुसून बसला होता. धर्मेश आधी दारात उभा होता, मग येऊन खाली बसला. दामू इतकं सलग कधी कुणाशी बोलला नव्हता, मेहुलशीसुद्धा.

डोंगर कोरलेलं एक नाणं त्यानं हेमालीबेनच्या हातात दिलं. “हे स्वित्झर्लंडचं. लग्न झाल्यावर तुम्ही म्हणाला होतात ना, तिथं जायचं? ते राहिलं, म्हणून शेठनी हे मागवलं. तुम्हाला दाखवायचं होतं त्यांना. पण हसाल, म्हणायचे.”

हेमालीबेननी ते नाणं दोन्ही तळव्यांत धरलं. मग त्या धर्मेशला गुजरातीत काहीतरी म्हणाल्या. धर्मेशनं मान हलवली आणि दामूला सांगितलं की डबा भंगारात जाणार नाही, मम्मी बडोद्याला राहायला येतेय, तो बरोबर आणणार आहे.

“तुम्हाला यातलं एखादं हवं असेल तर घ्या, भाई,” हेमालीबेन म्हणाल्या. त्यांनी एव्हाना नाणी गोळा करायला घेतली होती, एकेक पुसून, त्यानं मांडली होती त्याच क्रमानं.

होडीचं नाणं रुमालाच्या कडेला होतं. दामूनं ते उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं. शिडाच्या दोऱ्यासुद्धा दिसत होत्या.

“नको,” तो म्हणाला. “एकत्र असू द्या.” आणि त्यानं ते डब्यात ठेवलं.

धर्मेश खालपर्यंत सोडायला आला. दुकानाला गिऱ्हाईक मिळालंय म्हणाला, बडोद्याला आलात तर घरी या म्हणाला. फोन नंबर त्यानं विचारला नाही, आणि दामूलाही आपणहून द्यावासा वाटला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दामूनं सवयीनं इस्त्रीचा शर्ट घातला आणि नाक्यावर आला. थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग मुरब्याची गाडी आली, तीत बसला.

त्याची बहीण मैनाबाई समुद्राकडच्या वाळवणाच्या दोऱ्यांवर बोंबील टांगत होती. नवरा वारल्यापासून ती माहेरीच होती. दामूला पाहून तिनं डोळ्यांवर हात धरला.

“आज कसा आलास? रविवारचा तू येत नाय.”

“आलो असाच.”

दामू बाह्या सरसावून तिच्या टोपलीशी बसला. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. लहानपणानंतर हे काम त्यानं केलं नव्हतं, पण हात चुकले नाहीत.

“कोन गेलं?” बऱ्याच वेळानं मैनाबाईनं मान वर न करता विचारलं.

“मित्र.”

तिचे हात थांबले. “तुला मित्र होता?” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच नवल वाटलं होतं.

“होता. पालघरला.”

“मंग कदी घरी नाय आनलास त्याला.”

दामूनं टोपलीतून दोन बोंबील उचलले. एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवला, नीट बसला का ते ओढून पाहिलं आणि जोडी दोरीवर टाकली. खाऱ्या वाऱ्यात ती थोडा वेळ हलत राहिली. मग त्यानं पुढची जोडी घेतली.