खिंडीतली डाक

लोणावळ्याच्या शाळेत मी गणित शिकवत असे. मला एक खोड होती. मुलाने वही पुढे केली की ती मी दोन्ही हातांनी घ्यायचो आणि म्हणायचो, "पोचली." तपासून परत देताना मुलांनीही ती तशीच घ्यावी, हा माझा आग्रह. वही म्हणजे त्या पोराची आठवड्याची मेहनत, ती टेबलावर आदळू नये, एवढाच त्यामागचा विचार. मुलं अर्थातच नक्कल करायची. मधल्या सुट्टीत चिंचेचं बोटूक दिलं-घेतलं तरी दोन्ही हात पसरून ओरडायची, "पोचली, मास्तर!" मलाही हसू यायचं.

कान्हू मात्र कधी नक्कल करत नसे. वही देताना तो माझ्या हातांकडे टक लावून बघायचा आणि मी "पोचली" म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही.

तो खिंडीपलीकडच्या वाडीतला. पवन मावळाच्या बाजूला डोंगराच्या कुशीत दहा-बारा गवती झापांची ती वाडी. तिथून सहा मैल पळत तो शाळेला येई आणि सहा मैल पळत घरी जाई, पायात काही नसताना. १९३६ साली तो मॅट्रिकच्या वर्गात होता. पुढे कॉलेजात जाईल असा त्या वाडीतला तो पहिलाच, आणि त्याला योग्य जागी धाडणं हे मी माझं काम मानलं होतं.

एकदा मी मैदानावर घड्याळ घेऊन त्याला आठ फेऱ्या पळवलं. पहिली फेरी एक मिनिट बारा सेकंद. दुसरी एक मिनिट बारा. आठवीसुद्धा एक मिनिट बारा. मी घड्याळ कानाशी धरून पाहिलं, ते नीट चालत होतं. माणूस दमतो. पहिली आणि आठवी फेरी सारखी येत नाही. शिवाय मैदानावर तो एकटा असूनही कडेकडेने पळत होता, समोर कुणाची तरी पाठ असावी तशी नजर बांधून.

"कुणाकडे बघत पळतोस रे?"

"फुडं बघतो, मास्तर."

"पुढं काय आहे?"

त्याने अंगठ्याने माती उकरली. "काय न्हाई."

त्या ऑक्टोबरात लोणावळा ते खंडाळा आणि परत अशी शर्यत झाली. रेल्वेतली दणकट जवान माणसं होती, तरी कान्हू फर्लांगभर आधी पोचला. हवा पालटायला आलेले मुंबईच्या एका कॉलेजातले खेळाचे प्रोफेसर ते बघत होते. आठवड्यात त्यांचं पत्र आलं. मुलाला आमच्याकडे पाठवा, राहणं-जेवण आमच्याकडे, बूटही देऊ. फक्त पहिले पंधरा दिवस आमच्या मैदानावर त्याची परीक्षा होईल. मी ते पत्र स्टाफरूममध्ये तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या विद्यार्थ्याचं नाव छापून येणार, याचा मोह मला झाला होता.

जानेवारीत मी त्याला पुण्याच्या आंतरशालेय सामन्यांना नेलं. एक मैलाची शर्यत. बंदूक उडाली, मुलं सुटली आणि कान्हू तिथेच उभा. जत्रेत बापाचा हात सुटलेल्या पोरासारखा इकडेतिकडे बघत. मी दोरीपलीकडून ओरडलो तेव्हा कुठे पळाला. चौथा आला.

परतीच्या गाडीत देहूरोड मागे पडल्यावर मी विचारलं.

"काय झालं रे?"

"तितं ऐकूच आलं न्हाई, मास्तर."

"बंदूक?"

"बंदूक आली. घुंगरं न्हाई आली."

मग त्याने सांगितलं. त्याचा बाप येसू डाकवाला होता. टपालाची पिशवी खांद्यावर, हातात घुंगरांची काठी. कान्हू नऊ वर्षांचा असताना पावसाळ्यात खिंडीजवळ कडा कोसळला आणि येसू गेला. त्यानंतर महिन्याभरात कान्हू पहिल्यांदा एकटा शाळेला निघाला. खिंडीत त्याला पुढे घुंगरं ऐकू आली. तो मागोमाग पळाला. तेव्हापासून रोज.

"लोणावळ्यापातूर येत्यात. शाळेच्या मैदानाव येत्यात. शर्यतीला खंडाळ्यापातूर आली. त्याच्या म्होरं न्हाईत."

"कधी गाठलंस त्यांना?"

"गाठूच देत न्हाईत. मी जोरात पळलो की तीबी जोरात."

मी गणिताचा माणूस. मुलाच्या मनाचा खेळ, असं मी म्हटलं. पण त्या आठ सारख्या फेऱ्या माझ्या वहीत लिहिलेल्या होत्या.

पोस्टासमोरच्या पारावर रखमाजी नावाचा म्हातारा घोंगडी पांघरून बसे. तोही जुना डाकवाला. मी त्याला गाठलं.

"येसू पलीकडनं पिशवी आणायचा, खिंडीतल्या चौथऱ्याव मला द्यायचा," तो म्हणाला. "मंग मी खाली पोस्टात. आमची रीत हाय, मास्तर. पिशवी भुईला टेकवायची न्हाई. मागं वळून बघायचं न्हाई. घेणाऱ्यानं दोनी हातांनी घ्यायची आन् 'पोचली' म्हनायचं. त्येनं म्हनल्याबिगर देनारा मोकळा हुत न्हाई."

वर्गातली माझी खोड मला आठवली. ते मी त्याला दाखवलं नाही.

"त्या दिवशी काय झालं?"

त्याने पारावरून खाली बघितलं. "मला हीव भरलं हुतं. मी गेलोच न्हाई. येसूनं लय वाट बघितली आसंल. पिशवी अंजनीच्या फांदीला अडकावलेली घावली, कोरडी. आन् तो मला हुडकायला कड्याच्या अंगाला गेला आसंल. पिशवी कुनाच्याच हातात न्हाई ग्येली, मास्तर."

"मग नंतर तुम्ही जाऊन…"

"गेलतो येकदा. घुंगरं जवळ आली. पळालो." त्याने घोंगडी घट्ट ओढली. "छाती झाली न्हाई."

जूनमध्ये निकाल लागला. कान्हूला गणितात वर्गात सर्वांत जास्त गुण. आता दोन कॉलेजं समोर होती. एक मुंबईचं. दुसरं पुण्याचं, तिथे माझा एक जुना सहाध्यायी गणित शिकवत होता. मैदान लहान, बूट वगैरे काही नाही, सकाळी ज्याला हवं त्याने पळावं. पण मुलगा हुशार असेल तर ग्रंथालयात काम देऊन ठेवून घेऊ, असं त्याने कळवलं होतं.

मी पाटीवर मधोमध रेघ मारली. एकीकडे मुंबई, एकीकडे पुणे. "आता तूच लिही. काय काय बघायचं, ते."

कान्हूने लिहिलं: मैदान. गणित. घर किती लांब. प्रत्येकापुढे विचार करून खुणा केल्या. मग खाली चौथी ओळ लिहिली: घुंगरं. आणि दोन्हीकडे जागा मोकळी सोडली.

"बिनघुंगराचं मला पळता येत न्हाई, मास्तर. मुंबईत पंद्रा दिसांत हाकलतील. आन् मी गेल्याव ती एकटीच राहतील खिंडीत. मी जात न्हाई कुटं. हितंच रेल्वेत लागतो."

त्याने पाटी पुसून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी घेऊन मी सवयीने म्हणालो, "पोचली." पाटी कोरी होती.

त्या रविवारी मी वाडीवर गेलो. त्याची आई बाया झापाच्या दारात नाचणी पाखडत होती. तिच्या अंगठ्याशिवाय फॉर्म जाणार नव्हते. माझं सगळं बोलणं तिने ऐकून घेतलं.

"त्याचा बाप आजून वाटंव हाय," ती शांतपणे म्हणाली. चुलीवर दूध आहे, असं सांगावं तशी.

"मग कान्हूनेच एकदा ती पिशवी घेतली तर?"

तिने सूप थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुमाला लेकरं न्हाईत न्हवं, मास्तर? बाप पोराच्या हातात वझं देतो व्हय? म्हनून तर तो पुडं पळतो." मग पुन्हा पाखडू लागली. "ठेवा ते कागद हितंच. इचार करते. इस तारकेला पोरासंगं धाडते."

वीस तारखेला फॉर्म टपालात पडायलाच हवे होते. चारच्या गाडीने डाक जायची. अंगठ्याशेजारी माझी सही लागणार, म्हणून मी खिंडीत येऊन थांबतो, तिथून तू थेट पोस्टात पळ, असं मी कान्हूला सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. मला ऐकायचं होतं.

दुपारचे दोन वाजले असतील. धुकं इतकं दाट की काखेतल्या छत्रीचं टोक दिसत नव्हतं. पाऊस थांबला होता, पण झाडं ठिबकत होती. मी चौथऱ्यावर उभा होतो. डोक्यावर कुठेतरी ती अंजनीची फांदी असणार.

आधी काठी आपटल्याचा आवाज आला. मग घुंगरं. पुन्हा काठी, पुन्हा घुंगरं. पलीकडच्या चढावरून, एका तालात. मी नकळत मोजू लागलो. प्रत्येक आपटण्यात सारखंच अंतर. मला पळून जावंसं वाटलं. मग वाटलं, छे, कान्हूच असणार, मास्तरला घाबरवायला काठीला घुंगरं बांधून आला असेल, पोरंच ती.

"सावकाश रे," मी ओरडलो. "निसरडं आहे."

आवाज माझ्यापासून दोन हातांवर थांबला. दमलेल्या माणसाचा श्वास ऐकू आला. धुक्यात काहीतरी पुढे झालं, आणि बावीस वर्षं जे करत आलो तेच मी केलं. दोन्ही हात पुढे केले. ओली, गार बोटं माझ्या तळव्यांना लागली.

"पोचली," मी म्हणालो.

माझे हात गुडघ्यांपर्यंत खाली गेले, एवढं वजन. तागाचा आणि लाखेचा वास आला. समोर एक लांब श्वास सुटला, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर सुटतो तसा. मग काहीच नाही. मी हातांकडे बघितलं. हात रिकामे होते आणि वजन तसंच होतं.

मी चाळीसपर्यंत मोजलं तेव्हा कान्हू आला. धापा टाकत, इरल्याखाली दोन्ही पाकिटं छातीशी धरून.

"मास्तर, थांबली! चढाव एकदम थांबली." त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुमी हात आसं का धरल्यात?"

"गारठलेत."

तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. मग चौथऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी रडू दिलं. त्याचं संपल्यावर विचारलं, "आता सांग. पळायला आवडतं का तुला?"

"आवडतं." त्याने नाक पुसलं. "पन कुनाला जिकायसाठी न्हाई. आन् आता मी कसा पळतो, ते मलाच ठाव न्हाई."

"मग जिथे ते शोधायला वेळ मिळेल, तिथे जा."

तो उठला. मग मुंबईचं पाकीट त्याने कमरेला खोचलं आणि पुण्याचं माझ्यापुढे धरलं. मी त्यातल्या फॉर्मवर सही केली. अक्षर वाकडं आलं. हात उचलवत नव्हता.

खिंडीखाली धुकं विरळ होतं. उतारावर तो पुढे पळाला आणि मी मागून बघत राहिलो. पाय घसरत होता, चढ आला की मंदावत होता, उतारावर उगाच सुसाट सुटत होता. एकही पाऊल दुसऱ्यासारखं पडत नव्हतं. शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच तो मला एखाद्या मुलासारखा पळताना दिसत होता.

पोस्टात तो माझी वाट बघत उभा होता. पाकीट मी त्याच्याकडून घेतलं आणि खिडकीत दोन्ही हातांनी पुढे धरलं. आतला कारकून डाकेच्या थैलीला लाख लावत होता. तरुण होता, नुकतंच लग्न झालेला. त्याने न बघता एका हाताने पाकीट ओढलं आणि थैलीत टाकलं. दोन्ही हातांनी घ्या आणि 'पोचली' म्हणा, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग मिटलं.

बाहेर पारावर रखमाजी होता. मला येताना बघून त्याने आधी माझ्या हातांकडे पाहिलं. मग एक शब्द न बोलता आपले दोन्ही हात घोंगडीत घेतले.

दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या परत द्यायच्या होत्या. पहिल्या बाकावरच्या नथूने उठून दोन्ही हात पसरले. हसत होता. 'पोचली' म्हणायला तोंड उघडलं होतं. मी वही मागे घेतली आणि टेबलावर ठेवली.

"घेऊन जा रे तिथून."

तेव्हापासून मी टेबलावरच ठेवतो. मास्तर बदलले, असं मुलं म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत कान्हू आला. अंगात पुण्याचा सदरा, डोक्यात न सुटलेली पाच गणितं. कॉलेजच्या शर्यतीत तिसरा आला होता आणि तेच हसून हसून सांगत होता. शेवटच्या फेरीत पोटात कळ आली, म्हणे. आजवर कधी आली नव्हती. माझ्याकडचं एक पुस्तक त्याला हवं होतं. मी ते कपाटातून काढलं, तसे त्याने दोन्ही हात पुढे केले.

मी पुस्तक खिडकीच्या फळीवर ठेवलं.

तो खिडकीकडे गेला नाही. मी चालत खुर्चीपर्यंत आलो, तेवढी चार पावलं त्याने घुंगरं ऐकावीत तशी मान तिरपी करून ऐकली.

"मास्तर," तो अगदी हळू म्हणाला, "द्या माझ्याकडं."

"पुस्तक तिथं आहे," मी म्हणालो. "उजेड आहे तोवर पहिलं गणित काढ."