जिन्यावरचा शेवट

मास्तरांची एक जुनी खोड होती. प्रकरण लिहून झालं की ते छापखान्यात जाण्याआधी इमारतीच्या जिन्यावर वाचलं जाई. मास्तर तळाशी स्टुलावर बसत आणि वरच्या पायऱ्यांवर इमारतीतली पोरं दाटीवाटीने. नियम एकच होता: गोष्ट जिथे पटणार नाही तिथे हात वर करायचा. "छापलंय म्हणून खरं मानायचं नाही," मास्तर बजावत, "आणि मी म्हणतोय म्हणून तर मुळीच नाही." जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक चिमुरडी होती, तिला सगळे चष्मी म्हणत. ती तर एकदा वर केलेला हात खाली घ्यायलाच विसरायची.

'बंद शहर' या मालिकेचे तीन भाग असेच जिन्यावर घासूनपुसून तयार झाले होते. पहिल्या भागात त्या शहरात संध्याकाळी भोंगा वाजे आणि सगळ्यांना खिडक्या लावून घ्याव्या लागत. दुसऱ्यात मुलांच्या मनगटांवर पिवळे पट्टे आले, कोण कुठे आहे ते कळावं म्हणून. तिसऱ्यात बिनखिडक्यांच्या बसगाड्या आल्या आणि मुलांना शिबिराला म्हणून घेऊन गेल्या. पोरं आज गोष्टीत घाबरली तर उद्या जागी राहतील, असा मास्तरांचा साधा हिशेब होता.

पण पहिला भाग निघाला आणि काही दिवसांनी गावात खराच भोंगा बसला. योगायोग असेल, असं म्हणून मास्तरांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या भागानंतर शाळेतून पिवळे पट्टे वाटले गेले. ते त्यांच्या नातीच्या, भिंगरीच्या, मनगटावर पाहिले तेव्हा मात्र ती समजूत टिकेना.

मग एका सकाळी शिस्त विभागाचे साहेब घरी आले. माणूस मोठा गोड बोलणारा. खुर्चीवर ऐसपैस बसून त्यांनी पिशवीतून तिन्ही पुस्तकं काढली. पानापानावर खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या.

"मास्तर, आम्ही तुमचे चाहते बरं का! काय सोपं लिहिता! भोंगा किती उंचावर हवा, पट्ट्याचं बक्कल मुलांना का उघडता येत नाही, सगळं कसं उलगडून सांगितलंय. आमच्या इंजिनिअरांना तुम्ही आयतं ताट वाढून दिलंत."

"साहेब, ती... ती धोक्याची सूचना होती."

"हो का?" साहेब मनापासून हसले. "आम्ही नमुना समजलो! असो. बसगाड्या रंगवायला टाकल्यात. आता शेवटच्या भागाची वाट बघतोय. मुलं पळून जातात म्हणे त्यात. कुठून, तेवढं कळलं की आमचंही काम झालं."

साहेब गेले तसे मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले. शेवटचा भाग लिहून तयार होता आणि जिन्यावर वाचूनही झाला होता. त्यातली मुलं शाळेमागच्या कोरड्या पाण्याच्या टाकीत उतरतात आणि तिच्या जाड नळातून सरपटत नदीपलीकडे निघतात. ही टाकी काही मास्तरांच्या डोक्यातून आली नव्हती. ती समोरच होती, त्यांच्या खिडकीतून दिसायची. नळही होता. तरुणपणी त्यांनी तो पाहिला होता, दोन्ही तोंडं उघडी.

त्याच दिवशी त्यांनी शेवट फाडला आणि नवा लिहायला घेतला. भिंगरी खांद्यावरून डोकावली.

"आजोबा, हे काय? पुलावरून पळतात? पूल तर उघड्यावर आहे! चष्मी हात वर करील."

"करू दे."

"मग आपला खरा शेवट?"

"तो जिन्यावरच राहू दे." मास्तरांनी आवाज खाली आणला. "हे बघ, पुस्तक वाचून सगळा पहारा जाईल पुलावर. आणि गाड्या आल्या की तुम्ही..." त्यांनी खिडकीतून टाकीकडे बोट केलं. "तू जा, एकेकाच्या कानात सांग. काही झालं तरी टाकीचं नाव काढायचं नाही. कुणीही."

भिंगरी पायाला चाकं लावल्यासारखी पळाली. संध्याकाळी परत येऊन म्हणाली, "सगळ्यांनी शपथ घेतलीय. चष्मीने तर दोनदा."

पुस्तक आलं. शाळेच्या मोठ्या खोलीत कार्यक्रम ठेवला होता. बसगाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या होत्या, नव्या रंगाचा वास आतपर्यंत येत होता. शेवटचं प्रकरण साहेबांनी स्वतः वाचलं, छान हातवारे करत. मुलं पुलावर पोचली, तोच पुढच्या ओळीतून एक हात वर झाला.

मास्तर जागेवरून अर्धवट उठले. चष्मीच.

"बोल बाळा," साहेब म्हणाले.

"हे चूक आहे." बोलून गेल्यावर चष्मीने जीभ चावली. "म्हणजे... पुलावर लपायला जागाच नाही. मास्तरांनी सांगितलंय, पटलं नाही की हात वर करायचा."

"वा! गुणाची पोर." साहेबांनी पुस्तक मिटलं. "मग तुझ्या मते कुठून जातील?"

चष्मीने पटकन हात खाली घेतला. तेवढ्यात मागून भिंगरी ओरडली, "तिला काय विचारता साहेब! ती निम्म्या गोष्टीत झोपलेली असते. ती मुलं बाजाराच्या फाटकातून जातात, भाजीच्या गाडीत लपून!"

"हट्, टेकडीवरून!" दुसरं कुणी म्हणालं.

"रेल्वेच्या बोगद्यातून!"

"बेकरीच्या धुराड्यातून!"

"आणि तू त्यात अडकलास तर?"

हशा पिकला. हातांवर हात वर होऊ लागले. होड्या, गटारं, छपरं, एकाने तर फुग्यातूनही मुलं पळवली. मास्तरांना भरून आलं. न शिकवता पोरं केवढं शिकली होती! इतक्या वाटांवर पहारा बसवणार तरी कुठे कुठे? साहेबही हसत होते, मान डोलावत होते, एकेकाकडे बोट दाखवून "तू सांग, तू सांग" म्हणत होते.

हळूहळू सुचेनासं झालं आणि खोली शांत झाली.

साहेब चालत खिडकीपाशी गेले. बाहेर नुसतं पाहत राहिले.

"गंमत आहे, मास्तर," ते म्हणाले. "बाजार झाला, बोगदा झाला, गावातली एक जागा सोडली नाही पोरांनी. आणि ही एवढी मोठी टाकी, रोज डोळ्यांसमोर असते, ती मात्र एकालाही सुचली नाही."

भिंगरीने मास्तरांचा हात घट्ट धरला. तिच्या पट्ट्याचं बक्कल त्यांच्या तळहाताला रुतलं.

साहेब मुलांकडे वळले. आवाज अगदी जिन्यावरच्या मास्तरांसारखा, मऊ आणि समजुतीचा.

"खरी वाट तीच ना, बाळांनो? माझं चुकत असेल तर हात वर करा."

कुणाचाही हात वर झाला नाही.