आधी तुमचं नाव सांगा

"नाव काढून टाका बाई तिचं. आजच्या आज!"

राकेश दारातूनच ओरडला. टेम्पो रस्त्यात उभा, इंजिन चालू, आणि चार वर्षांची साक्षी त्याच्या पँटला धरून मागं लपलेली. आडगाव नाक्याजवळची माझी अंगणवाडी म्हणजे एक भाड्याची खोली. तिथं कुणी आवाज चढवला की एकोणीस मुलं एकदम गप्प होतात, आणि मला ते मुळीच खपत नाही.

"आधी ते इंजिन बंद करा," मी म्हटलं. "मग काय ते बोला."

त्यानं बंद केलं, पण राग चालूच होता. काल तो साक्षीला इंग्रजी शाळेत मुलाखतीला घेऊन गेला होता. हो, चार वर्षांच्या पोरीची मुलाखत! सव्वीस वर्षांपूर्वी मला अंगणवाडी सेविका म्हणून घेताना सुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती.

"मॅडमनी तीनदा विचारलं, वॉट इज युवर नेम. समजतं तिला, घरी शिकवलंय मी. पण ही ढिम्म! चौथ्यांदा विचारलं तर म्हनती कशी, 'आधी तुमचं नाव सांगा.' मॅडमनी फॉर्मच बाजूला सारला. हे शिकवता व्हय हितं?"

मागं शेगडीशी आमच्या मदतनीस सुमनबाई फिस्सकन हसल्या. मी डोळे वटारले.

हो, हेच शिकवते मी. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा तपासणीला एक साहेब आले होते. आले, बोट रोखलं आणि "तू, नाव? तू, नाव?" सुरू केलं. बाजारात शेरडं मोजावी तसं. एक पोरगी घाबरून जागीच ओली झाली. त्या दिवसापासून मी नियम केला : आमच्या खोलीत जो येईल त्यानं आधी आपलं नाव सांगायचं, मग मुलं सांगतील. सिलिंडरवाला सांगतो, पर्यवेक्षिका संपदाताई सांगतात. मुलांना भारी गंमत वाटते. घरी विचारलं आज काय शिकलात, तर कार्टी "खेळलो" म्हणून मोकळी होतात. पण त्या खेळात हात धुणं असतं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं असतं, शेजारच्याचं बटण लावून देणं असतं, आणि हेही असतं.

एवढं सगळं राकेशला सांगावं असं मनात होतं. पण सांगणार कुठल्या तोंडानं? नियम माझा, हौस माझी आणि नुकसान त्या पोरीचं.

"लय हातापाया पडलो," राकेश म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "गुरुवारी चार वाजता परत बोलवलंय. माझं तर झालं बाई, द्राक्षाचे क्रेट पिंपळगावला टाकायचे अन परत यायचं. हिचं तसं नको व्हायला."

"नाव राहू द्या," मी म्हटलं. "मी तयार करते तिला."

दोन दिवस मी साक्षीला शिकवलेलं पुसत बसले.

"विचारलं की लगेच सांगायचं. कळलं?"

"पण त्यांचं नाव?"

"ते नाही विचारायचं."

"का? त्यांना नाव नाहीये?"

"साक्षी, सांगितलं ना एकदा!"

वर्षभरात पहिल्यांदा मी तिच्यावर खेकसले. तिनं ओठ बाहेर काढला, पण रडली नाही. सुमनबाई खिचडी ढवळता ढवळता म्हणाल्या, "बाई, तुमी ना, आज फार वाईट दिसताय." मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं काम बघा. खरं तर मला स्वतःचाच राग आला होता.

गुरुवारी दुपारी राकेश इस्त्रीचा शर्ट घालून आला. "म्हणून दाखव बरं," तो म्हणाला.

साक्षी उभी राहिली. हात अंगाला चिकटलेले, नजर फरशीवर. "माय नेम इज साक्षी राकेश गांगुर्डे." एका दमात, कुठंही न अडखळता.

"शाब्बास," मी म्हटलं.

राकेशनं वाकून तिची हनुवटी वर केली. हात काढल्यावर तिनं परत मान खाली घातली.

"अशी का करती ही?"

"त्यांना अशीच चालेल," मी म्हटलं.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "मी बी असाच उभा होतो तिथं. पाऊण तास. समोर दोन खुर्च्या रिकाम्या. कुणी बस म्हणलं नाय, अन मी बी बसलो नाय. हिनं तसं विचारलं तवा माझी लाजेनं मान खाली गेली बाई. पोरीची नव्हती गेली."

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि आमच्यासमोरच नंबर लावला. "मॅडम, साक्षीचे पप्पा बोलतोय... नाय, आज येत नाय... नाय मॅडम, नंतरबी नाय. पोरगी हितं शिकती." फोन ठेवून त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "चुकलं का हो माझं?"

उद्या ही पोरगी मोठी झाली आणि म्हणाली, पप्पा, तेव्हा का नाही घातलंत त्या शाळेत, तर? मला तिची माया होती, पण मायेनं कुणाचं पुढचं भलं होतंच असं नाही.

"मला नाही माहीत, राकेशभाऊ," मी म्हटलं. "चुकलं असेल तर दोघांचंही चुकलं. जेवलात का?"

तो नाही म्हणाला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. सुमनबाईंनी न विचारता एक ताट जास्तीचं वाढलं. राकेश मुलांच्या ओळीत सतरंजीवर मांडी घालून बसला. इस्त्रीचा शर्ट, गुडघे दोन्ही बाजूंच्या पोरांना लागताहेत, आणि पुढ्यात तेवढंसं ताट. साक्षी त्याला खेटून बसली. तो घास घ्यायला गेला तेव्हा तिनं त्याचा हात धरला.

"थांबा पप्पा," ती म्हणाली. "अजून सनीला वाढायचंय."

राकेशनं घास ताटात ठेवला आणि थांबला.