आधी उघडून तर बघा

मी एक जुना इंजेक्टर आहे, मित्रांनो, आणि जुना असल्याची मला मुळीच लाज वाटत नाही. निकामी मात्र म्हणू नका. एकदा म्हणाले होते. तेव्हा काय झालं, तेच सांगतो.

डिझेलच्या इंजिनात डिझेल नुसतं ओतून चालत नाही. धुक्यासारखं बारीक होऊन आत गेलं, तरच ते नीट पेटतं. ते धुकं मी करतो. माझ्या तोंडाला केसाहून बारीक भोकं आहेत आणि पोटात एक सुई वरखाली होते. आम्ही चार भाऊ, एकाच कारखान्यातले. चौघेही एका पांढऱ्या व्हॅनच्या इंजिनात शेजारी शेजारी बसलो.

ती व्हॅन वहिनी चालवायची. तिचा धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. नवऱ्याची पाठ धरली तेव्हापासून गाडी तिच्याच हातात होती. ज्यांच्या किडन्या थकल्या आहेत अशा माणसांना ती घरून रुग्णालयात न्यायची. तिथे यंत्रानं त्यांचं रक्त शुद्ध व्हायचं आणि मग ती त्यांना परत आणायची. ही फेरी चुकवून चालत नाही. त्या माणसांत एक निवृत्त मास्तर होते, जिभेचे तिखट. "इंजिन छान गुणगुणतंय. माझ्या वर्गात एवढ्या सुरात कुणी गायलं नाही," असं ते म्हणायचे, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग दिवस पालटले. गाडी चढावर दम टाकू लागली, मागून काळा धूर येऊ लागला. दिराचं सुट्या भागांचं दुकान होतं. तो एक बाटली घेऊन आला.

"वहिनी, ही टाकीत ओतायची आणि निर्धास्त व्हायचं. इंजेक्टर आतून लख्ख!"

"खरंच होतात का हो भावजी?"

"बाटलीवर लिहिलंय ना!"

खोटं कशाला बोलू? बरं वाटलं. तोंडावर बसलेला मऊ, चिकट थर थोडा सुटला आणि गाडी हलकी पळू लागली. दीर कॉलर ताठ करून फिरला. पण माझ्या पोटातलं दुखणं वेगळंच होतं. डिझेलबरोबर पाणी येत होतं. पाण्यानं सुईवर गंज चढला होता, सुई झिजत चालली होती. झीज काय धुऊन जाते? मी खडखडून सांगत होतो. दिराला ती खडखड ऐकू आली, की तो आणखी एक बाटली ओतायचा. पुढे पुढे तर दोन कंपन्यांच्या एकदम. औषध चांगलं असेलही, पण दुखणं न बघता पाजलं, तर त्यात औषधाचा काय दोष आणि माझा तरी काय?

एका सकाळी मास्तर गाडीत असताना पुलाच्या चढावर आम्ही अडलो. मी धुकं करायचं सोडून थेंब गाळत होतो. इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. मागे भोंग्यांचा गदारोळ. मास्तरांचे पाय सुजले होते, श्वास भराभर चालला होता. तरी म्हणाले, "पोरी, घाबरू नकोस. मी काही पळून जात नाही."

वहिनीनं पुन्हा पुन्हा चावी फिरवली. आम्ही चौघांनी जिवाच्या आकांतानं जोर लावला आणि इंजिन सुरू झालं. पहिल्या गिअरवर, रांगत रांगत, ती रुग्णालयाच्या दारात पोहोचली. मास्तरांना आत नेलं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मग ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली.

दुपारी दीर धावत आला. बॉनेट उघडून त्यानं सगळं खापर आमच्यावर फोडलं.

"चारही निकामी झालेत. फेकून देऊ, नवीन टाकू. नाहीतर आज एक जालीम बाटली ओतू, उद्याची फेरी निघेल."

"नाही," वहिनी म्हणाली. "आधी उघडून बघायचं."

"अहो, गाडी उभी राहिली तर माणसं दुसरी गाडी धरतील!"

"धरू देत. पुन्हा पुलावर कुणाला अडकवणार नाही मी."

तिनं शेजाऱ्याची गाडी मागून दुसऱ्या दिवशीची फेरी केली. आम्हाला इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या नोझलवाल्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी एकेकाला तपासणीच्या यंत्रावर लावून दांडा दाबला. तिघा भावांचा फवारा धुऊन घेतल्यावर पंख्यासारखा फुलला. माझी मात्र वाकडी धार! मिस्त्रींनी मला खोललं आणि गंजलेली सुई दिराच्या तळहातावर ठेवली.

"म्हणजे बाटल्या सगळ्या थापाच?" वहिनीनं विचारलं.

"सगळ्या नाहीत," मिस्त्री म्हणाले. "दात रोज घासले तर स्वच्छ राहतात, ताई. किडलेला दात घासून बरा होत नाही. चांगली बाटली मापात घातली तर घाण बसणं कमी होतं. झीज ती भरून काढत नाही. आणि हे पाणी आलं कुठून?"

दिरानं तळहातावरची सुई उलटसुलट करून पाहिली. परसात त्याचं डिझेलचं पिंप होतं, सैल झाकणाचं. गाडीत तेच डिझेल जायचं. तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, पाणी माझ्याकडूनच आलं."

"मग पिंप आजच रिकामं करा," ती म्हणाली. एवढंच. घालूनपाडून बोलली नाही.

मला नवी सुई आणि नवं तोंड मिळालं. अंग तेच, खोड तीच! फिल्टर बदलला, आणि फिल्टरखाली साठणारं पाणी वहिनी स्वतः काढू लागली. तिसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा आमच्या गाडीत बसले.

पुढे एकदा आम्ही दिराच्या दुकानापुढे उभे होतो. धूर ओकणारी एक मोटार शेजारी येऊन थांबली. मालक खिडकीतूनच ओरडला, "इंजेक्टर साफ करायची बाटली द्या हो, लवकर!"

दिरानं फळीवरची बाटली काढली, हातात फिरवली आणि परत ठेवली. पाना घेऊन तो बाहेर आला.

"बाटली देतो, दादा, पण नंतर. आधी बॉनेट उघडा."

"तुम्हाला धंदा करायचा नाही का?"

"करायचाय. म्हणूनच."

मित्रांनो, आम्ही यंत्रं काही हट्टानं बिघडत नाही. आम्हाला स्वच्छ इंधन द्या, फिल्टर वेळेवर बदला, हवी तर चांगली बाटलीही मापात घाला. पण आम्ही खडखडलो तर आमचं तोंड बंद करायला धावू नका. खडखडणार आम्ही. खडखडायलाच हवं!